बाभळीच्या ओंडक्यातून कामठ्यासाठी फाका: घणाने फोडायच्या की आऱ्यावर चिरायच्या?

बालाघाटी
बांधावरच्या बाभळीचा एक ओंडका हाताशी आहे. लांबी ७ फूट, जाडी बुडाला ८ इंच, शेंड्याला साडेसात. साल अजून अंगावर आहे. बुडापासून अडीच फुटांवर एका अंगाला मोठी गाठ आहे, बाकी तीन अंगं वरून तरी स्वच्छ दिसतात. कापलेल्या तोंडांवर बारीक चिरा पडायला लागल्यात.

यातून एकसंध लाकडाचा, साडेपाच फुटी कामठा (धनुष्य) काढायचा आहे, निशाण मारायला. दोरी २६ इंच ओढायची, ओढायला ३५-४० पौंड जोर लागेल असा. वखारवाला म्हणतो आऱ्यावर घाला, दोन बाय दोन इंची सरळसोट पट्ट्या लगेच काढून देतो. इथले जुने धागे वाचले तर सगळे म्हणायलेत फोडूनच घ्या. नेमकं काय करावं? एवढ्या ओंडक्यातून किती फाका धराव्यात? आणि मार्चच्या या उन्हात त्या न तडकता वाळवायच्या कशा?

घणपाचर
बाकी चर्चा चालू राहील, तुम्ही आधी तोंडं बंद करा. आजच.

लाकडातलं पाणी अंगापेक्षा तोंडातून कितीतरी लवकर बाहेर पडतं. तोंडाकडचं लाकूड आकसायला लागतं, आतलं अजून ओलं नि फुगलेलं असतं, मग तोंड फाटतं. चिरा पडलेला दोन इंचांचा तुकडा दोन्हीकडून करवतीने उडवा आणि ताज्या तोंडाला पांढरा फेविकॉल पाणी न घालता जाड लावा. तो वाळला की दुसरा हात. तोंडापासून मागे अंगावरही दोन इंच चढवा. वितळवलेलं मेण चालतं. ऑइल पेंट ओल्या लाकडावर नीट धरत नाही, पापुद्रा सुटतो.

लांबीची चिंता नको. कामठा ६६ इंची, ओंडका ८४ इंची. दोन्ही टोकं उडवून ८० उरले तरी बाजूला सात-सात इंच हातात आहेत. टोकाची चीर चार-पाच इंच आत गेली तरी कामठ्यापर्यंत पोचत नाही.

आडवा_रंधा
फोडण्यामागचं कारण सांगतो, म्हणजे वखारवाल्याशी वाद घालायला बरं पडेल.

कामठा ओढला की पाठ, म्हणजे निशाणाकडची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दाबली जाते. पाठीवरचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असले तरच ताण सगळीकडे वाटला जातो. आऱ्याचं पातं सरळ जातं, झाड काही सरळ वाढलेलं नसतं. जिथे तंतू तिरके जाऊन पाठीबाहेर निघतात तिथे कुसळ उचललं जातं आणि कामठा तिथेच मोडतो. पाचर मात्र तंतूंच्या मधून वाट काढते. फोडलेली फाक वेडीवाकडी दिसते, पण तिचा प्रत्येक बाक हा तंतूंचाच बाक असतो. वखारीतली सरळ पट्टी दिसायला देखणी, आत काय कापलं गेलंय ते कळत नाही.

लिंबोणी
थोडक्यात, पट्टी आऱ्यावरची असेल तर बनी तो बनी, नहीं तो परभणी.

वखार_परभणी
परभणीचं नाव निघालं म्हणून बोलतो. 😀

आऱ्याला उगाच शिव्या देऊ नका. रेषा सरळ असलेलं लाकूड आऱ्यावर चिरलं तरी कामठा होतो. पट्टीच्या पाठीवर आणि दोन्ही कडांवर रेषा टोकापासून टोकापर्यंत पळतात का बघायचं, मधेच कडेबाहेर निघत असतील तर पट्टी बाजूला. आणि फोडण्याचं कौतुक सांगणारे एक गोष्ट विसरतात: आपल्याकडची बरीच झाडं फुटतच नाहीत. कडुनिंबाचे तंतू एका थरात डावीकडे, पुढच्या थरात उजवीकडे असे एकमेकांत अडकलेले असतात. पाचर मारली की फाक निघत नाही, चिंध्या निघतात. बाभळीतही असं लाकूड सापडतं. सातातल्या दोन फाका हाती लागल्या आणि पाच चुलीत गेल्या, तर फोडून मिळवलं काय?

आडवा_रंधा
@वखार_परभणी, तंतू अडकलेल्या लाकडाचा कामठा करायचाच नाही, फोडून नाही आणि चिरूनही नाही. पाचर ते सुरुवातीलाच सांगते, आरा पट्टी काढून देतो आणि ते ओढताना कळतं.

घणपाचर
दोघांचंही धरून चालता येतं. ओंडका पहिल्यांदा उभा अर्धा करायचा तो फोडूनच. आतलं तोंड उघडलं की पीळ, गाठ, लाट सगळं दिसतं. तंतू सरळ निघाले तर पुढच्या फाका आऱ्यावर, फुटलेल्या तोंडाला समांतर काढा, लाकूड वाचतं. पीळ निघाला तर शेवटपर्यंत पाचरच.

फोडण्याआधीसुद्धा सालीवरून अंदाज येतो. बाभळीच्या सालीतल्या उभ्या भेगा बघा. त्या बुडापासून शेंड्यापर्यंत सरळ गेल्या असतील तर छान. खोडाला वेढा घालत गेल्या असतील तर आतही तोच वेढा आहे. साडेपाच फुटांत दहा-पंधरा अंशांचा पीळ शेक देऊन काढता येतो. त्याहून जास्त असेल तर त्या ओंडक्याचे कुऱ्हाडीचे दांडे करा.

बुरूडआळी
एवढा खटाटोप कशाला? मानवेल घ्या. बेटातून तीन-चार वर्षांचा, बुडाकडचा, जाड भिंतीचा बांबू काढा, कोयत्याने दोन फाका करा, झालं. देशातल्या इंडियन राउंड या तिरंदाजी प्रकाराच्या स्पर्धा बांबूच्याच धनुष्याने होतात. आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यात 'झाड' राहिलेला नाही, म्हणजे शेतातला बांबू तोडायला ती अडचण नाही.

बालाघाटी
बांबूचा पुढे करूच. पण ओंडका आडवा पडलाय तो आधी.

जरीकाठ
माझ्या मते बाभूळ हे या कामाचं पहिल्या पसंतीचं लाकूड नाहीच. धामण ते धामण. लवचीक, सरळ रेषेची, पूर्वीपासून धनुष्याला, कावडीला, गाडीच्या दांड्यांना तीच वापरली गेली. किनवट-माहूरच्या जंगलात आहे.

बालाघाटी
आणि जंगलातून तोडायची कशी?

जरीकाठ
तोडायची नाहीच. डेपोच्या लिलावात गोल माल निघतो, त्यात नशिबाने मिळाली तर. बाभूळ जड नि चिवट आहे, औतं, तिफणी, गाडीची चाकं तिच्यावर चालली, कामठाही होतो. फक्त पाती, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग, थोडी रुंद ठेवा. पावणेदोन इंच म्हणतो मी.

संपादक
दोन सूचना. बांधावरचं झाड असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत कोणती झाडं आहेत ते बघून घ्या. साग, मोह, चिंच, आंबा, खैर, तिवस त्यात आहेत, बाभूळ नाही. माल गावाबाहेर न्यायचा असेल तर वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारा. दुसरं, शिकारीबद्दलचे प्रतिसाद काढून टाकले आहेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सगळ्यांना लागू आहे.

घणपाचर
आता फोडणी.

सामान: चार-पाच किलोचा घण, दीड-दोन किलोच्या तीन लोखंडी पाचरी, वाळलेल्या बाभळीच्या दोन-तीन जाड लाकडी पाचरी, एक धारदार कुऱ्हाड. पाचरी लोहाराकडून करून घेणार असाल तर साध्या लोखंडाच्या घ्या. ट्रकच्या कमानपट्ट्याचं पोलाद कडक असतं, घणाखाली त्याचे कपचे उडतात. पाचरीचं डोकं ठोकून फुललं की कडा घासून काढायच्या, आणि चष्मा घालायचा. कुऱ्हाडीच्या डोक्यावर घण मारायचा नाही. कडक पोलादावर कडक पोलाद पडलं की तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

ओंडका जमिनीवर आडवा, दोन्ही बाजूंनी दगड लावून पक्का करा. तोंडावर गाभ्याच्या मधल्या ठिपक्यातून जाणारी रेघ खडूने मारा. तुमची मोठी गाठ या रेघेवर किंवा तिच्या जवळ येऊ द्या. म्हणजे ती दोन फाकांच्या कडेला जाते आणि कडेची गाठ पुढे तासून टाकता येते. गाठ एखाद्या फाकेच्या मधोमध राहिली तर ती फाक गेली. तोंडावर आधीच चीर असेल आणि ती गाभ्यातून जात असेल तर तिचाच मान ठेवा, लाकूड तिथे फुटायला तयार आहे.

सुरुवात शेंड्याकडून करा, गाठ बुडाकडे आहे. गाठीपर्यंत पोचेस्तोवर चीर सरळ बसलेली असते, मग ती सहसा भरकटत नाही. कुऱ्हाडीने रेघेवर अर्धा इंच खोल खूण पाडा. एक पाचर गाभ्याच्या एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला, आळीपाळीने ठोका. एकीलाच मारत सुटू नका. सालीवर चीर दिसली की तिसरी पाचर वरून चिरेत, तोंडापासून दीड फूट पुढे. ती बसली की मागच्या सैल होतात, त्या काढून आणखी पुढे लावायच्या. अधूनमधून ओंडका उलटा करून खालच्या बाजूची चीरही तेवढीच पुढे आलीय का बघा. एकच बाजू पुढे पळाली तर फाक वाकडी निघते.

चिरेत आडवे तंतू या फाकेतून त्या फाकेत गेलेले दिसतील. ते ओढून तोडायचे नाहीत. लाकडी पाचरीने चीर उघडी धरा आणि कुऱ्हाडीच्या टोकाने ते कापा. ताणून तोडले की एका फाकेची चिरफळी दुसरीबरोबर निघते, आणि ते नेमकं पात्याच्या मधोमध होतं.

लिंबोणी
ओंडका फुटो न फुटो, धाग्याला चांगलाच फाटा फुटलाय.

औंढ्याचा_पाव्हणा
घणपाचर यांनी एक राहू दिलं. नेहमी निम्मं-निम्मं करायचं. अर्ध्याचा चौथाई, चौथाईचा आठवा. जाड भागातून पातळ फाक एका कडेने काढायला गेलात की चीर पातळ बाजूला पळते आणि मधेच बाहेर निघते. पळायला लागलीच तर जाड बाजू जास्त वाकवा, ती खाली दाबून धरा. चीर जास्त वाकणाऱ्या बाजूकडे सरकते. बुरूड बांबू फाडताना हेच करतात, बुरूडआळी सांगतील.

बुरूडआळी
बरोबर. बांबूत तर पेराला पोचायच्या आधीच हात बदलावा लागतो, पेर ओलांडल्यावर दुरुस्ती होत नाही.

बालाघाटी
किती फाका धरू?

औंढ्याचा_पाव्हणा
आठ इंची ओंडक्याचा घेर साधारण पंचवीस इंच. चार केल्या तर सालीकडे सहा-सव्वासहा इंच रुंदीच्या, आठ केल्या तर तीन-तीन इंचांच्या. कामठ्याला सव्वादोन इंच रुंद पट्टी लागते, म्हणजे गणिताने आठ. गाठ, पीळ, लाट बघता चार चांगल्या निघाल्या तरी ओंडका सार्थकी लागला. आठचा हट्ट नको. जी चौथाई बाजूंनी स्वच्छ आहे तिचेच दोन करा, गाठीची चौथाई रुंदच राहू द्या. नंतर गाठ टाळून पट्टी आखता येते.

गाभ्याचा मधला ठिपका कोणत्याच पट्टीत ठेवू नका. लाकूड वाळताना घेराच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडच्या दिशेने आकसतं. अख्ख्या गोल ओंडक्यात या दोन ओढींना सुटायला जागा नसते, म्हणून तो सालीपासून गाभ्यापर्यंत उभा तडकतो. उभा फोडला की ताण सुटतो. हेच कारण ओंडका अख्खा न ठेवता ओला असतानाच फोडायचं.

जरीकाठ
पाठ कुठे धरायची? गाभ्याच्या लाल लाकडात की सालीखालच्या पांढऱ्यात?

आडवा_रंधा
परदेशी व्हिडिओ बघून बरेच जण वरचे पांढरे थर तासून एकाच वार्षिक वलयावर पाठ आणायला जातात. ते ओसेज ऑरेंजसारख्या लाकडाचं काम, तिथे वलयं ठळक असतात. आपल्या बाभळीत वलयं अशी स्पष्ट दिसत नाहीत, शोधत बसलात तर तीन-चार थर कापून बसाल. सागात दिसतात, पण सागाची पाठ ताणाला तेवढी चिवट नाही. बाभळीत सालीखालचा पहिला पृष्ठभाग हीच पाठ ठेवा. झाडाने स्वतः घडवलेला तो अखंड थर आहे. मग जबाबदारी एकच: साल काढताना त्याला पात्याचा ओरखडा लागता कामा नये. एक आडवी खाच म्हणजे तिथून पुढे कधीतरी मोड.

साल मार्चमध्ये सहज सुटत नाही. बाहेरची जाड साल वाकसाने उतरवा, आतला पापुद्रा राहू द्या. त्यावर ओलं गोणपाट रात्रभर ठेवा आणि सकाळी बोथट सुरीने किंवा बांबूच्या खरवडणीने काढा.

वखार_परभणी
आणि साल तशीच ठेवली तर? आत ओल टिकते, हळू वाळेल.

आडवा_रंधा
ओल टिकते म्हणूनच किडे येतात. बाभळीचं पांढरं लाकूड भुंग्याला फार आवडतं, सालीखाली अंडी घातली की बारीक पीठ पडायला लागतं. आपण तर पाठच पांढऱ्यात धरणार आहोत, म्हणजे भोक थेट पाठीत. साल काढा, पाठीवर बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दोन हात मारा, ते सुकलं की फेविकॉलचा एक पातळ थर. आता पाठ उघडी आहे, ती तोंडासारखीच लवकर वाळून तडकते.

माळवद
वाळवणीकडे येऊ. थंड दमट प्रदेशातल्या लोकांचे सल्ले इथे उलटे पडतात. त्यांचं लाकूड वाळत नाही म्हणून ते हवा द्या म्हणतात. आपल्याकडे मार्च ते मे हवाच लाकडातली ओल ओढून घेते.

पत्र्याचं शेड नको, आत भट्टी होते. कूलरसमोर, पंख्याखाली, गच्चीवर नको. माळवदाच्या घरातली आतली खोली मिळाली तर याहून चांगली जागा नाही. मिळत नसेल तर घरातली उत्तरेकडची, कमी उघडझाप होणारी खोली. पहिले तीन-चार आठवडे फाका गोणपाटात सैल गुंडाळून ठेवा. प्लास्टिकमध्ये नाही, बुरशी धरते. नंतर गोणपाट काढा आणि जमिनीपासून वर, दोन लाकडांवर आडव्या ठेवा, मधे हवा राहील अशा.

फोडल्यावर अख्खी चौथाई वाळायला वर्ष लागतं. घाई असेल तर ओलं असतानाच ढोबळ आकार तासा: रुंदी सव्वादोन इंच, मुठीपाशी जाडी दोन इंच, पात्यांना दीड. पातळ लाकूड एकसारखं वाळतं, तडा कमी जातो, आणि दोन-तीन महिन्यांत कामाला येतं. पण पातळ झालं की ते वाकायला मोकळं होतं. म्हणून सरळ लोखंडी पाइपला पाच-सहा ठिकाणी सुतळीने आवळून बांधा. दर आठवड्याला सुतळी ताणा, लाकूड आकसलं की ती ढिली पडते.

कारकून४३१
वाळलं हे ओळखायचं कसं? वाजवून?

माळवद
वाजवून फक्त समाधान मिळतं. किराणा दुकानातला काटा घ्या, दर रविवारी वजन करा आणि फाकेवरच पेन्सिलीने लिहा. लागोपाठ तीन आठवडे वजन बदललं नाही की ते लाकूड हवेशी बरोबरीला आलं.

आकडा हवा असेल तर टोकाच्या सीलच्या आतला एक तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा, पुन्हा वजन करा. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणा. ५० ग्रॅमचे ४० झाले तर ओल २५ टक्के. कामठ्याला ८ ते १० टक्के हवी.

औंढ्याचा_पाव्हणा
इथे मराठवाड्याचा पेच आहे. मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० ते २५ टक्क्यांवर येते, त्या हवेशी बरोबरी केलेलं लाकूड चार-पाच टक्क्यांवर असतं. इतकं कोरडं लाकूड ओढताना कडकन मोडतं. ऑगस्टमध्ये आर्द्रता ऐंशीच्या घरात, लाकूड पंधरा टक्क्यांच्या आसपास, मग कामठा मोडत नाही पण बाक धरून बसतो, दोरी काढली तरी सरळ होत नाही. हवेत ५० ते ६० टक्के आर्द्रता असते तेव्हा लाकूड नऊ ते अकरावर राहतं, आणि ते आपल्याकडे पावसाळा सरल्यावर. मार्चमध्ये फोडा, पावसाळ्यात पडू द्या, दसऱ्यानंतर वाकवायला घ्या.

बुरूडआळी
बांबूलाही हाच हिशोब, फक्त तोडायची वेळ पावसाळा संपल्यावरची. आणि अवसेला तोडलेला बांबू घुणत नाही, हेही लक्षात असू द्या.

आडवा_रंधा
अवस-पुनवेचं सोडा. पावसाळ्यात नवे कोंब फुटताना बांबूतला साठवलेला स्टार्च खर्च होतो, म्हणून त्यानंतर तोडलेल्यात घुणाला खायला कमी मिळतं. कोवळ्या बांबूला कुठल्याही तिथीला घुण लागतो.

बुरूडआळी
पावसाळ्यानंतरच्या अवसेला तोडा मग. दोघांचंही राहील.

बालाघाटी
ओंडका फोडला. अर्धा छान गेला, तंतू जवळपास सरळ. चार चौथाया झाल्यात. दोन स्वच्छ. तिसरीत मधोमध पाठीवर दोन फूट लांबीची लाट आहे, साधारण अर्धा इंच खालीवर. चौथीत गाठ कडेला गेली, पण तिच्याभोवती तंतू वळसा घेऊन गेलेत. या दोन टाकू का?

घणपाचर
एकही टाकू नका. लाट तासून सपाट करायची नाही, तसं केलं की तंतू कापले जातात आणि फोडल्याचा उपयोग संपला. पाठ लाटेसकट ठेवायची आणि पोटाची बाजू त्याच लाटेने घ्यायची, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी. कामठा दिसायला नागमोडी होईल, चालेल चांगला. अर्धा इंच काही फार नाही.

गाठीच्या फाकेत मुठीची जागा सरकवता येते का बघा. ८० इंचांत ६६ चा कामठा, म्हणजे चौदा इंच पुढेमागे करायला आहेत. गाठ बुडापासून अडीच फुटांवर होती, दोन इंच उडवल्यावर २८ वर आली. कामठ्याचं एक टोक अगदी बुडाला धरलं तर मूठ ३३ वर पडते, गाठ तिच्यापासून पाच इंचांवर. मुठीच्या वरचा-खालचा जाड भाग थोडा लांब ठेवला तर गाठ न वाकणाऱ्या लाकडात जाते. मात्र त्या टोकाचा फेविकॉल आत्ताच पुन्हा लावा. तिथे आता कापून टाकायला काही शिल्लक नाही.

कारकून४३१
उरलेल्या गाभ्याच्या पाचरीएवढ्या तुकड्यांचं काय?

घणपाचर
पाचरीच करा त्यांच्या. सावलीत वाळवून.